फ्रिज उघडणाऱ्या नर्सबाई

आमच्या घरी फ्रिज होता, पण त्यात माझ्या मार्कशीटा ठेवलेल्या होत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं.

बापूस होडीवर घसरून पाठीवर आपटला, त्या वर्षापासून आमचं घर आयच्या डोक्यावरच्या पाटीवर चालायला लागलं. पाचूबंदरच्या धक्क्यावर उजाडता उजाडता लिलावाला उभं राहायचं, बोंबील-मांदेली काय मिळेल ते घ्यायचं, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरायचा आणि चार बायांनी मिळून केलेल्या टेम्पोत बसून विरारला चंदनसारच्या बिल्डिंगा चढायच्या. तिथे लिफ्ट होत्या, पण मासळीवालीने लिफ्टमधून यायचं नाही, वास राहतो, अशी पाटी लावलेली. वास जिन्यातही राहतो, पण जिना सोसायटीचे लोक वापरत नसल्यामुळे त्यांना ते माहीत नव्हतं. बापूस घरात बसून लोकांची जाळी सांधायचा. फ्रिज बंद पडला तेव्हा दुरुस्तीला आलेल्या माणसाने मागे वाकून बघितलं, खाऱ्या हवेने सगळं खाल्लंय म्हणाला आणि चहा पिऊन गेला. फ्रिज टाकून द्यायचं कोणाच्या मनात आलं नाही. त्याचं दार घट्ट बसायचं, आत उंदीर शिरत नव्हता आणि दमट हवाही. म्हणून वरच्या कप्प्यात माझी दहावी, मधल्यात बारावी आणि भाजीच्या खणात बी.कॉम. आमच्या आळीत कॉलेज पुरं केलेली मी पहिली. हे मी आजही न लाजता सांगते, तेव्हा तर न विचारता सांगायचे.

आयला साखर होती. आमच्याकडे मधुमेह कोणाला नसतो, साखरच असते. गोळ्या संपून इन्सुलिन लागलं होतं. त्यात एक दिवस तिच्या डाव्या पायाच्या करंगळीत शिंगाळ्याचा काटा गेला. कोळणीला काटा लागणं म्हणजे मास्तरांच्या हाताला खडू लागण्यासारखं, त्याचं कोणी काही मानत नाही. पण हा काटा निघाला आणि जखम राहिली. महिना झाला, दोन झाले. डॉक्टर दर वेळी साखर बघायचे, मान हलवायचे आणि इन्सुलिनचा डोस वाढवायचे. शेवटी म्हणाले, “साखर उतरली नाही तर आधी बोट जाईल, मग पाऊल. पुढचं मी आज बोलत नाही.” आय दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना एवढंच म्हणाली, “चंदनसारला चौथ्या मजल्यावर कोन जानार मग?”

त्या दिवसांत आमच्या आयुष्यात नर्सबाई आल्या. म्हणजे गावात त्या होत्याच. आल्या, म्हणजे आमच्या घरात शिरल्या.

बाई मूळच्या आतल्या गावातल्या, केळीच्या वाडीवाल्या ख्रिस्ती घरातल्या. वीसेक वर्षं आखाती देशात नर्स होत्या. परत आल्या त्या एक मोठा काळा चष्मा, एक लाल छत्री आणि कोणालाही “शर्ट वर करा” म्हणायची सवय घेऊन. छत्री बारा महिने हातात. तिचा उपयोग ऊन किंवा पाऊस अडवायला कमी, माणसं अडवायला जास्त. मिस्सा सुटली की चर्चच्या दारात छत्री आडवी करून उभ्या राहायच्या आणि इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकाला बाजूला काढायच्या. मग तिथेच, सगळ्या गावादेखत, पोटावर दोन बोटं दाबून गाठ आहे का बघायच्या. एकाच जागी रोज टोचलं की गाठ होते आणि गाठीत टोचलेलं औषध अंगाला नीट लागत नाही, हे त्या दाबता दाबता सांगत. फादरनी एकदा सौम्यपणे सुचवलं की हे जरा आडोशाला केलं तर बरं. बाई म्हणाल्या, “फादर, तुम्ही कालच्या लग्नातला केक आडोशाला खाल्लात काय?” फादर पुढच्या रविवारी मागच्या दाराने गेले. बाई मागच्या दाराशी उभ्या होत्या.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कोणी “थोडंसं” म्हटलं की त्यांचा चष्मा नाकावर उतरायचा.

“बाई, मी गोड थोडंसंच खाते.”

“थोडंसं म्हणजे किती?”

“थोडंसं म्हणजे... थोडंसं.”

“मासळीचा वाटा लावतेस काय?”

बाजारात आमच्या बाया मासळी वजनावर देत नाहीत, नजरेने वाटे लावतात, आणि त्या नजरेचा त्यांना अभिमान असतो. बाईंना तीच नजर डोळ्यांत खुपायची. “तुझ्या वाट्यात एक बोंबील इकडेतिकडे झाला तर गिऱ्हाईक भांडेल. सुईत दोन रेघा इकडेतिकडे झाल्या तर भांडायला तू राहनार नाहीस,” म्हणायच्या. बोलायच्या पुस्तकी, पण राग आला की ‘ण’चा ‘न’ व्हायचा आणि त्या कुठल्या गावच्या ते कळायचं.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये त्यांचा वर्ग भरायचा. धर्मशिक्षणाच्या वर्गासारखाच तो प्रश्नोत्तरांचा होता, कारण गावातल्या म्हाताऱ्यांना पाठ करायची तीच एक रीत ठाऊक. कोळीवाड्यातल्या हिंदू बायाही यायच्या आणि त्याच सुरात उत्तरं म्हणायच्या.

“सुई कितीदा वापरावी?”

“एऽकदाच वापरावी.”

“इन्सुलिन घेतल्यावर काय करावं?”

“वेऽळेवर जेवावं.”

“हात थरथरले, घाम फुटला, तर पहिलं काय?”

“साऽखर तोंडात, मग बोलनं.”

शिकवायला केळी असत. वसईची वेलची केळी. केळ्याची साल आणि पोटाची कातडी यांचं काय नातं ते बाईंनाच माहीत, पण प्रत्येकाने आधी केळ्यात पाणी टोचायचं, सुई आत ठेवून दहापर्यंत मोजायचं आणि मगच काढायची. एक म्हातारे गृहस्थ एकदोनतीनचारपाच एका दमात म्हणायचे. बाई विचारायच्या, “बोट सुटतेय काय तुमची?” वर्ग संपला की टोचलेली केळी खायची का, यावर दर रविवारी वाद व्हायचा. ज्यांना साखर होती त्यांचाच आग्रह जास्त.

बेंबीभोवती घड्याळ आहे असं समजायचं, हा त्यांचा दुसरा शोध. बेंबीपासून दोन बोटं जागा सोडायची, मग आज बारावर टोचायचं, उद्या एकवर, परवा दोनवर. त्यामुळे धक्क्यावर बाया एकमेकींना “तुझे किती वाजले गं?” विचारायच्या आणि “माझे साडेचार,” असं उत्तर यायचं. बाहेरून मासळी घ्यायला आलेली माणसं मनगटावरच्या घड्याळात बघायची आणि गोंधळायची.

आय या वर्गाला न चुकता जायची. मी नाही. मला वाटायचं हा अडाणी बायांचा वर्ग, आपण फर्स्ट क्लास. आयच्या औषधाचं सगळं मीच बघते, बाटलीवरचं इंग्रजी मला वाचता येतं, अजून काय पाहिजे?

बाईंना मी पहिल्यांदा नीट बघितलं ते गास गावच्या मैदानावर. तिथे एका इच्छुक उमेदवाराने मोफत मधुमेह शिबिर ठेवलं होतं आणि पदवीधर म्हणून मला नावं लिहून घ्यायच्या टेबलावर बसवलं होतं. बॅनरवर उमेदवार पुरुषभर उंच, आणि कोपऱ्यात स्वादुपिंडाचं चित्र, पेरूएवढं. माणसं सकाळपासून रिकाम्या पोटी रक्त देऊन बसलेली. नाश्त्याला शिरा होता. तोही साजूक तुपातला, मधुमेहाचं शिबिर असल्यामुळे. पण शिरा भाषणानंतर. भाषण साहेबांचं, म्हणजे त्या उमेदवाराचं, साहेब वाटेत, आणि वाट फार लांबची.

साहेब आले. प्रास्ताविक सुरू झालं. बाई प्रमुख पाहुण्यांच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर होत्या. त्या उठल्या आणि सूत्रसंचालकाच्या हातातून माईक असा घेतला, जसा आपण लहान पोराच्या हातातून सुरी घेतो.

“आज सकाळी सवयीने इन्सुलिन टोचून कोण कोण आलंय? हात वर करा.”

वीस-बावीस हात वर झाले.

“त्यांतलं जेवलं कोण?”

सगळे हात खाली आले. मागच्या रांगेत एका आजोबांचा हात खाली येताना लटपटत होता. बाईंनी पर्समधून कागदाची पुडी काढली. त्यांच्या पर्समध्ये साखरेच्या अशा पुड्या कायम असायच्या आणि बाई त्या अंगाऱ्यासारख्या वाटत फिरायच्या. पुडी आजोबांच्या तोंडात रिकामी केली आणि परत माईकवर आल्या.

“साहेब, इन्सुलिन पोटात गेलेल्या माणसाला अर्ध्या तासात जेवन लागतं. तुमचं प्रास्ताविकच पाऊन तासाचं आहे. शिरा वाटा. भाषन नंतर.”

मधुमेहाच्या शिबिरात मधुमेहाच्या नर्सने हुकूम देऊन शिरा वाटायला लावला, आणि तोच त्या शिबिरातला एकमेव उपचार ठरला. शिरा खाऊन लोक घरी गेले. साहेबांचं भाषण मी आणि मंडपवाल्याने ऐकलं. टेबलावरून मी हे सगळं बघितलं, हसले आणि घरी येऊन आयला नक्कल करून दाखवली. त्यातून काही शिकायचं असतं हे मला सुचलं नाही.

आता आमच्या घरातली गोष्ट.

त्या महिन्यांत आयला अधूनमधून चक्कर यायची. रोज नाही. पंधरा-वीस दिवसांतून एकदा, सकाळीच. घामाने भिजायची, हात कापायचे, थोड्या वेळाने चहा-पाव पोटात गेला की ठीक. बापूस म्हणायचा दृष्ट. शेजारीण म्हणायची उन्हाळा. मी मोबाईलवर वाचून अशक्तपणा म्हणायचे, कारण तिथे सगळ्यालाच अशक्तपणा लिहिलेलं असतं. दर वेळची चक्कर आधीच्यापेक्षा जोराची. आणि बाकीचे दिवस साखर वरच्या वर, त्यामुळे वर्गात म्हणतात ती साखर उतरल्याची चक्कर हीच, हे आयच्याही मनात आलं नाही. जखम तशीच ओली.

उपवासाच्या दिवसांतला शुक्रवार होता. आम्ही ख्रिस्ती कोळी, उपवासात मटण नाही, मासळी चालते, त्यामुळे धक्क्यावर नेहमीपेक्षा गर्दी. आतल्या गावांतलेही लोक आलेले. नर्सबाई छत्री घेऊन पापलेट बघत होत्या. लिलाव सुरू झाला. आयने बोंबलाच्या एका ढिगाला बोली लावली. दुसरं कोणी बोललं नाही. मग आयने स्वतःच्याच बोलीवर बोली लावली. लिलाववाला हसला, म्हणाला, “मावशी, तुझंच चाललंय.” आयने अजून चढवली. मग परत. तिच्यासमोर कोणीच नव्हतं आणि ती जीव खाऊन भांडत होती. “माझ्या तोंडचा माल पळवतेस काय गं?” असं ती रिकाम्या जागेला विचारत होती.

बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, “उपासात प्यायलीय.” उभ्या जन्मात आय दारूला शिवली नव्हती. पण धक्क्यावर बातमी मासळीच्या आधी उचलली जाते. मी मासळीसाठी अजून बर्फ आणायला गेले होते, परत येईपर्यंत माझी आय दारुडी झाली होती.

गर्दीत लाल छत्री घुसली. बाईंनी आयची हनुवटी धरली, तोंडाचा वास घेतला, मानेवरचा घाम बोटाने पुसून बघितला. पुडी काढली.

“गिळता येतं काय? जीभ दाखव. आ कर.”

“तू कोन? माझा माल—”

“माल तुझाच. आ कर.”

साखर तोंडात घातली, थोडं पाणी दिलं आणि मनगट वर धरून घड्याळ बघत उभ्या राहिल्या. पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत त्यांनी धक्क्यावर कोणाला बोलू दिलं नाही. लिलाववाल्याने तोंड उघडलं तर छत्रीचं टोक त्याच्या छातीला लागलं. मग त्यांनी आयच्या बोटातून रक्ताचा थेंब काढून त्यांच्या छोट्या मशीनवर बघितला, अजून एक पुडी दिली, परत घड्याळ. हळूहळू आयच्या डोळ्यांत ओळख आली. तिने आजूबाजूला बघितलं, पदर सारखा केला आणि विचारलं, “बोंबील कोनी घेतले?”

“कोणीच नाही. पाव खा हा,” बाई म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे वळल्या. “लेक तू? घर कुठाय?”

घरात आल्या त्या चपला काढायच्याही आधी फ्रिजपाशी गेल्या. दार उघडलं. वरच्या कप्प्यातून दहावीची मार्कशीट बाहेर काढली, चष्मा वर करून वाचली. मग बारावीची. मग भाजीचा खण ओढला.

“हुशार आहेस,” म्हणाल्या. “इन्सुलिन कुठाय?”

“फ्रिज बंद आहे बाई. पण त्याची काळजी नको,” मी म्हणाले, आणि मला अजूनही आठवतं, माझ्या आवाजात थोडी ऐट होती. मी कोपऱ्यातला मासळीचा थर्माकोलचा खोका उघडला. बर्फाच्या चुऱ्यात मानेपर्यंत रोवलेली बाटली काढून त्यांच्या हातात दिली. “फ्रिजपेक्षा थंड ठेवते मी. रोज ताजा बर्फ.”

आमच्यात लहान पोरालाही कळतं, बर्फात ठेवलेली वस्तू खराब होत नाही. बर्फ कमी पडला तर माल जातो, जास्त पडून कोणाचा काही गेलेला आम्ही बघितला नव्हता. वर्गात आय “फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावं” असं गाऊन यायची. घरी येऊन तिने मला विचारलं होतं, आपल्याकडे फ्रिज नाय, मग? आणि मीच सांगितलं होतं, बर्फ आहे की, बर्फ त्याहून चांगला. लेक शिकलेली. आयने नर्सबाईंपेक्षा लेकीचं ऐकलं.

बाईंनी बाटली तळहातांमध्ये फिरवली, उजेडात धरली. आत काचेला पांढरे कण चिकटलेले. मासळीच्या खवल्यांसारखे.

“ही कधीची?”

“काल संध्याकाळी आणली. रात्री खिडकीत होती, सकाळी पहिला डोस दिला. मग घरी पहाटेचा बर्फ आला तसा बर्फात ठेवली.”

“याआधीची बाटली आणली तेव्हा चक्कर आली होती?”

मी आठवलं. आली होती. त्याच्याआधीची आणली तेव्हाही. मी कॉमर्सची विद्यार्थिनी, जुळणी माझी मलाच झाली. नवी बाटली आली की पहिल्या सकाळचं औषध खरं. मग ते बर्फात गोठायचं आणि मरायचं. त्यानंतर पंधरा-वीस दिवस आय पोटात नुसतं पाणी टोचून घ्यायची. साखर चढायची, डॉक्टर डोस वाढवायचे. मग परत नवी बाटली, आणि तो वाढवलेला डोस पहिल्या सकाळी पूर्ण ताकदीने अंगावर यायचा. दोन्ही बाजूंनी मी तिला मारत होते. मोठ्या काळजीने, ताज्या बर्फात.

“बाटलीबरोबर कागद येतो तो?” बाईंनी विचारलं.

तो मी सांभाळून ठेवला होता. फ्रिजमध्ये, मार्कशीटांच्या खाली. घडी न मोडलेली. बाईंनी उलगडला आणि मुंगीएवढ्या अक्षरांतल्या एका ओळीवर बोट ठेवून मला मोठ्याने वाचायला लावलं. गोठवू नये. गोठलेलं असल्यास वापरू नये. इंग्रजीत होतं. मला येत होतं.

मी रडायला लागले. बाईंनी समजूत वगैरे घातली नाही, त्यांना ती येत नसे. त्या जमिनीवर बसल्या, काळा चष्मा काढला आणि पहिल्यांदाच त्यांचे डोळे नीट दिसले. थकलेले होते.

“कितीतरी रविवार मी ओरडतेय, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात,” त्या म्हणाल्या. “ज्याच्याकडे फ्रिज नाही त्याने काय करायचं, हे एकदाही विचारलं नाही. तू कागद वाचला नाहीस, मी घर वाचलं नाही.”

आय भिंतीला टेकून पाव खात होती. म्हणाली, “बाई, चहा घेता काय थोडासा?”

“थोडासा म्हणजे किती?” बाई म्हणाल्या, पण सवयीने. मग अर्धा कप घेतला.

त्याच दिवशी त्या आयला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. रांग मोडली, अर्थातच. डॉक्टर म्हणाले, साखर वाढत होती म्हणून डोस वाढवत होतो. बाईंनी पांढऱ्या कणांची बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली. “साखर बघितलीत. बाटली बघितलीत काय?” डॉक्टर भले माणूस, त्यांनी डोस खाली आणून रोज साखर तपासायला सांगितली. नव्या बाटलीसाठी बाईंनी घरात माठ मांडला. मोठ्या माठात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, मडक्यात डब्यात बंद केलेली बाटली, वर झाकण, आणि जागा सावलीतली. “थंड पाहिजे, बर्फगार नको,” असं आयला सांगितलं. आय मासळीवाली, तिने हात घालून बघितला आणि म्हणाली, “बोंबील नाय टिकायचे यात.” “म्हणूनच औषध टिकेल,” बाई म्हणाल्या.

पायाचं बोट मात्र वाचलं नाही. उशीर झाला होता, करंगळी काढावी लागली. आय दवाखान्यात पडलेली असताना धक्क्यावरच्या बाया बघायला यायच्या आणि ‘प्यायलेली’ म्हटल्याबद्दल कोणीच काही बोलायची नाही, पण प्रत्येकीच्या पिशवीत आपापली इन्सुलिनची बाटली असायची. बाईंकडून बघून घ्यायला. बाराजणींपैकी सातजणींनी बर्फात ठेवलेली होती. सगळ्यांना वाटत होतं, त्या एकट्याच तेवढ्या हुशार.

त्यानंतर बाईंच्या धाडी सुरू झाल्या. वर्ग चालूच राहिला, पण आता त्या कोणाच्याही घरी जायच्या आणि कसे आहात विचारायच्या आधी फ्रिज उघडायच्या. लग्नाची बोलणी करायला गेल्या तरी. एका घरात इन्सुलिन बर्फाच्या कप्प्यात, कुल्फीशेजारी सापडलं. एका घरात दाराच्या खणात होतं, पण त्या आजीबाई लाल टोपणाच्या सुईऐवजी सुनेकडची केशरी टोपणाची सुई वापरत होत्या, दोन्हीवरच्या रेघा वेगळ्या, आणि औषध निम्म्याहून कमी जात होतं. वापरलेल्या सुया खाडीत टाकणाऱ्या एका काकांना त्यांनी जाड प्लास्टिकचा डबा दिला आणि महिनाभर रोज जाऊन आत वाकून मोजलं. लोक वैतागायचे. “बाई आल्या” म्हटलं की बायका केस नंतर सारखे करायच्या, आधी फ्रिज लावायच्या. गावातले फ्रिज इतके स्वच्छ पूर्वी कधीच नव्हते.

मलाही त्यांनी सोडलं नाही. तो मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद मोठ्या अक्षरांत, मराठीत, आमच्या बोलीत लिहून काढायला लावला. मी पहिल्या खेपेला लिहिलं, ‘अतिशीत तापमानास उघडे ठेवू नये.’ बाईंनी कागद परत दिला. “तुझ्या आयला वाचून दाखव.” आयने ऐकलं आणि विचारलं, “कोनाला उघडं ठेवायचं नाय?” शेवटी वाक्य झालं: ‘बर्फात ठेवू नको. गोठलं तर फेक.’ मला त्याआधी वाटायचं, शिक्षण म्हणजे लांब वाक्य.

बाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. झोपेत, त्यांच्या मानाने फारच कमी गडबड करून. मातीनंतर आम्ही पाचूबंदरच्या बाया त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या भाचीने चहा पुढे केला, म्हणाली, साखर थोडीशीच घातलीय. आमच्यातल्या चौघीजणी एकदम म्हणाल्या, “थोडीशी म्हणजे किती?” आणि मग सगळ्याच रडलो.

थोड्या वेळाने आय उठली आणि कोणाला न विचारता बाईंचा फ्रिज उघडला. आत दूध, दोन टोमॅटो आणि पेराड्याचा डबा. नाताळातला पेरूचा गोड पेराडा, आमच्याकडे घरोघरी होतो. डब्यावर पट्टी चिकटवलेली, बाईंच्या अक्षरात: ‘रोज एक तुकडा. एक म्हणजे एक.’ आत तुकडे चौकोनी, एका मापाचे, फूटपट्टीने कापल्यासारखे. आयने झाकण लावलं. “बरोबर आहे,” म्हणाली आणि दार बंद केलं.

रविवारचा वर्ग आता आय घेते. तिला लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे ती कागद वाचत नाही, घरं वाचते. मी शेजारी बसून मोठ्या अक्षरांत लिहिते. आमच्याकडे आता चालू फ्रिज आहे, माझ्या पगारातून घेतलेला, आणि मार्कशीटा भिंतीवर आहेत. खालच्या कप्प्यात आयचं इन्सुलिन असतं, ती ते स्वतः भरते आणि स्वतः टोचते. करंगळी गेली. पाय वाचला. चंदनसारला ती अजून चौथ्या मजल्यापर्यंत चढते.